बरकतपुऱ्याचे सात रुग्ण

१

मंगळवारी पहाटे कुसुमताई गेल्या, आणि बुधवारी सकाळी त्यांचा भाचा विजय आमच्या ऑफिसात आला. टेबलावर हात आपटला नाही, आवाज चढवला नाही. खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, “तुमच्या कागदावर आमच्या गल्लीत किती लोक आजारी आहेत?”

रंजनाने रजिस्टर उघडलं. “बरकतपुरा... गेल्या आठवड्यात सात.”

“आमच्या एका बिल्डिंगमध्ये अकरा आहेत,” तो म्हणाला. “मावशी सोमवारी दिवसभर हॉस्पिटलच्या बाकावर पडून होती. पलंग नव्हता. तिथले म्हणाले, या भागात साथ नाही, म्हणून जादा वॉर्ड उघडलेला नाही.”

आमचं ऑफिस म्हणजे एका सरकारी दवाखान्यामागच्या दोन खोल्या. ज्वर-नोंद कक्ष असं दारावर लिहिलेलं. शहरातले दहा खाजगी डॉक्टर दर शनिवारी आम्हाला छापील कार्ड पाठवत. आठवड्यात तापाचे-खोकल्याचे किती रुग्ण आले आणि कोणत्या वयाचे, एवढंच त्यावर भरायचं. मी त्यावरून आलेख काढायची. फ्लूची रेघ चढायला लागली की त्या भागातल्या हॉस्पिटलला पत्र जायचं, जादा वॉर्ड उघडायचा, ऑक्सिजनची नळकांडी यायची. त्या ऑगस्टमध्ये गौलीगुड्याची रेघ चढली होती, चिक्कडपल्लीची तर कागदाबाहेर चालली होती, आणि दोन्हीच्या शेजारच्या बरकतपुऱ्याची रेघ चार आठवडे जमिनीला चिकटून होती. नऊ, आठ, सात, सात.

मी ती रेघ स्वतः काढली होती. शाईने. ओंकार दहा महिन्यांचा, दात येत होते, रात्री झोपू देत नव्हता. दुपारी पेंगत पेंगत मी ती ओढली आणि ती अशी का, हे विचारायचं मला सुचलं नाही. कुसुमताईंनी माझ्या नवऱ्याला मराठी शाळेत पाढे शिकवले होते.

विजय गेल्यावर आमचे साहेब, डॉ. दिलीप कंधारकर, बाहेर आले. केस पांढरे, डोळ्यांखाली काळं, हातात चहाचा कप तसाच.

“बरकतपुऱ्याचं कार्ड कोण आणतं?”

“मी, सर,” रंजना म्हणाली. “पोस्टाने उशीर होत होता म्हणून जूनपासून शनिवारी हातानेच आणते. माझ्या वाटेवर आहे.”

“आणि शनिवारी तू तीनलाच निघतेस.”

“आईला व्यायामाला न्यावं लागतं. तुम्हाला विचारून जाते, सर.”

साहेबांनी तिच्या टेबलाचा खण ओढला. आत एक कंगवा, क्रोसिनची पट्टी आणि दोन कार्डं होती. दोन्ही कोरी. दोन्हीवर बरकतपुऱ्याच्या डॉक्टरांच्या सहीचा रबरी शिक्का आधीच मारलेला.

२

“जास्तीची म्हणून दिली होती नामदेवरावांनी, चुकलं तर असावीत म्हणून,” रंजना मला म्हणाली. आम्ही मागच्या पायरीवर बसलो होतो. डबा उघडलेला, पण कुणी खात नव्हतं. “ताई, मी घरी बसून आकडे भरले असं वाटतं तुम्हालापण?”

“साहेब काय म्हणाले?”

“शनिवारी बाराला अहवाल वर जातो. त्यात माझं नाव घालतील. सोमवारी माझी टेंपररीची ऑर्डर संपते. नाव गेलं की पुढची निघत नाही.” तिने डब्याचं झाकण लावलं. “आईला रोज आठ गोळ्या लागतात. आणि ती कंप्युटरची फी मी कुठून भरली, तुम्हाला माहिती आहे.”

माहिती होतं. नवीन कंप्युटर आला तेव्हा तो शिकून घेईल त्यालाच ठेवणार असं साहेब म्हणाले होते, आणि रंजनाने बांगड्या मोडल्या होत्या. कंप्युटर अजून प्लॅस्टिकच्या झग्यात होता.

त्या दुपारी मी बरकतपुऱ्याची चारही आठवड्यांची भरलेली कार्डं पर्समध्ये घालून घरी नेली. बसमध्ये उभ्याने पाहिली. वयाचे पाच रकाने होते. एका वर्षाच्या आतले, पाच वर्षांपर्यंतचे, शाळेतले, मोठे आणि साठीच्या वरचे. चार आठवड्यांचे एकतीस रुग्ण, आणि एकतीसच्या एकतीस शेवटच्या रकान्यात. एक मूल नाही. एक कॉलेजातला पोरगा नाही.

मी कार्डं पुन्हा पाहिली. खोटे आकडे भरणारा माणूस ते सगळीकडे शिंपडतो. दोन इथे, तीन तिथे, खरं वाटावं म्हणून. सगळे एका रकान्यात कोंबून स्वतःवरच संशय कोण ओढवून घेईल?

रंजनाने हे केलं नव्हतं. पण मग मुलांना खोकला न होणारी ही कसली साथ?

३

गुरुवारी हाफ डे टाकून मी सकाळीच बरकतपुऱ्याला गेले. डॉ. अनंत परळीकरांचा दवाखाना त्या भागातल्या सगळ्या मराठी घरांना ठाऊक. माझ्या सासऱ्यांचे जुने स्नेही. हल्ली ते सकाळी दोनच तास बसत, बाकीचा दिवस त्यांचा मुलगा समीर. नावाची पाटी नवी होती, वरच्या मजल्यावर नर्सिंग होमचं रंगकाम चालू होतं, आणि दवाखान्याच्या पुढच्या दाराला लागून एक मेडिकल दुकान उघडलं होतं.

ओटीवर तीस-पस्तीस माणसं. मांडीवर मुलं. सगळे खोकत होते. तिघा-चौघा म्हाताऱ्यांच्या हातात कापडी पिशव्या, पिशवीतून रिकाम्या बाटलीचं तोंड डोकावत होतं. बाकीचे रिकाम्या हाताने.

नामदेवराव कंपाउंडर मागच्या बोळातल्या खिडकीत बसत. सत्तरीला आलेले, धोतर, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.

“या सूनबाई. सासरे बरे हायेत?” त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. “बाटली आणली का?”

“औषधाला नाही आले. कार्डाचं विचारायला आले.”

त्यांचा चेहरा बदलला. “त्या पोरीला छळायलेत म्हणे तुमचे साहेब. शिक्का मी मारून दिला. आकडे माझे. बारा वर्षांत एक आकडा चुकला असंल तर ही खिडकी बंद करतो आन् गावाला जातो.”

त्यांनी खिळ्यावरची तार काढून माझ्यापुढे धरली. तारेत कागदाचे लहान लहान तुकडे ओवलेले होते, कात्रीने कातरलेल्या कडांचे. प्रत्येकावर एक आकडा, वयाचा. “एक रुग्ण, एक तुकडा. शनिवारी मोजायचे, कार्डावर लिहायचे. मोजा तुम्हीच.”

मी मोजले. चालू आठवड्याचे पाच त्यांनी वेगळे केले. बाकीचे नेमके एकतीस. नऊ, आठ, सात, सात, मधे लाल दोरा बांधून आठवडे वेगळे केलेले. शेवटच्या सातांत एकावर अडुसष्ट लिहिलं होतं.

“या कुसुमताई,” ते म्हणाले. “मागच्या गुरुवारी आल्या होत्या. बाटली चिंचेने घासून आणायच्या नेहमी.”

मी तुकडा हातात धरून बसले. रंजनाने कार्डावर जे होतं तेच आणलं होतं. नामदेवरावांनी तारेवर जे होतं तेच लिहिलं होतं. आणि पुढच्या ओटीवर पस्तीस माणसं खोकत होती.

“नामदेवराव, आज किती झाले?”

“दोन,” ते म्हणाले.

त्यांच्या डोक्यावर, देवाच्या तसबिरीशेजारी, काचेत बसवलेला एक पिवळा पडलेला कागद होता. हाताने लिहिलेला. मी तो पाहिला आणि वाचला नाही.

मी पुढच्या बाजूला गेले, तोवर मोठे डॉक्टर उठून गेले होते. समीर डॉक्टर दोन रुग्णांच्या मधे मला भेटले. माझ्याच वयाचे, शर्ट इस्त्रीचा, डोळे लाल. मी ऑफिसचं नाव सांगितलं तसं त्यांनी टेबलावरच्या पॅडवर वर्तमानपत्र ओढलं.

“कार्डाबिर्डाचं नामदेवराव बघतात. मी कधी हातसुद्धा लावला नाही.”

“पण रुग्ण तुम्हीच तपासता.”

“तुमचं ऑफिस आता माझे रुग्ण मोजणार, की माझी औषधं तपासणार?”

“औषधांचं मी काही विचारलं नाही, डॉक्टर.”

“मग ठीक आहे,” ते म्हणाले, आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली. वर्तमानपत्रावरचा त्यांचा हात मात्र उचलला गेला नाही.

४

शुक्रवारी सकाळपासून ओंकार तापला.

“ऑफिसात फोन कर. जाऊ नको आज,” सासूबाई म्हणाल्या.

“आज नाही गेले तर रंजनाचं...”

“रंजनाचं तू करशील गं. याचं कोण करणार?” असं म्हणून त्यांनीच त्याला खांद्यावर घेतलं आणि मला जा म्हणाल्या. दिवसभर मी आलेखाच्या कागदाकडे बघत बसले. साहेबांनी दोनदा विचारलं, काही सापडलं का. दोन्ही वेळा मी नाही म्हणाले. रंजनाने आपल्या खणातला कंगवा पर्समध्ये टाकला होता.

संध्याकाळी घरी आले तर पोराचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. चप्पल न काढता त्याला उचललं. जवळचा डॉक्टर सुट्टीवर. रिक्षावाल्याच्या तोंडात परळीकरांचं नाव माझ्या आधी आलं. “परळीकर डॉक्टर के पास चलना क्या, अम्मा? आजकल सब उदरीच जारैं.”

समीर डॉक्टरांनी मला ओळखलं. ओंकारला त्यांनी माझ्या मांडीवरून स्वतःच्या मांडीवर घेतलं, स्टेथोस्कोप आधी तळहातावर चोळून गरम केला आणि मग त्याच्या छातीला लावला. काल वर्तमानपत्रावर ठेवलेला तोच हात.

“घाबरू नका. छाती साफ आहे, घसा लाल आहे. दोन दिवसांत उतरेल. पाणी पाजत राहा.” त्यांनी पॅडवर लिहिलं, कागद फाडून दिला. खाली कार्बन होता. कार्बनखालच्या निळ्या कागदावर ओंकारचं नाव, वय, औषध, सगळं उमटलेलं. पॅडच्या डोक्यावर एका औषध कंपनीचं नाव. भिंतीवरच्या घड्याळावरही तेच.

पुढच्याच दाराने बाहेर, दोन पावलांवर मेडिकल. दुकानदार यादगिरीने चिठ्ठी न वाचताच खोका काढला. “बच्चे का है ना? हौ, येइच है. दिन भर येइच दे रा मैं.” खोक्यात सीलबंद बाटली, वर प्लॅस्टिकची टोपी औषध मोजायला.

मी ती बाटली हातात घेऊन उभी राहिले. किती सुबक होती. घासायला नको, चिंच नको, पिशवी नको.

आणि मग मला ओटीवरच्या त्या म्हाताऱ्यांच्या पिशव्या आठवल्या.

ओंकारला खांद्यावर घेऊन मी मागच्या बोळात गेले. नामदेवराव खिडकीत उद्या सकाळच्या बाटल्यांसाठी कात्री चालवत होते. लांब पट्टी कापायची, तिच्या कडेला डोसाच्या खाचा पाडायच्या, गोंदाने बाटलीला डकवायची. उरलेला तुकडा ठेवायचा, बाटली देताना त्यावर वय लिहायचं.

“नामदेवराव, आज वर्षाच्या आतलं कुणी आलं का?”

“नाही बा, सूनबाई. महिना झाला, लेकरू नाही आलं एक.”

माझ्या खांद्यावर ओंकार खोकला. लहानसाच, कोरडा खोकला.

नामदेवरावांनी चष्मा वर केला. त्याच्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या सीलबंद बाटलीकडे पाहिलं.

“याला गुलाबी औषध मी कुठं दिलं,” ते म्हणाले. “दिलं असतं तर तुकडा निघाला असता.”

“ताप-खोकल्याचा रुग्ण म्हणजे गुलाबी मिश्रणाची बाटली. असंच मोजायचं?”

“मला काय डॉक्टरकी येती? तसंच सांगितलंय.” त्यांनी कात्रीच्या टोकानेच डोक्यावरची काच दाखवली. “तुमच्याच लोकांनी.”

मी वर पाहिलं. या वेळी वाचलं. मग खालची सही वाचली, आणि नामदेवरावांकडे त्या कागदाची तसबीर आणि तुकड्यांची तार एका दिवसासाठी मागितली.

५

शनिवारी अकरा वाजता मी साहेबांच्या खोलीत गेले. रंजना दाराशी उभी राहिली. तिला मी मुद्दाम बोलावलं होतं. टेबलावर अहवाल टाइप होऊन पडला होता, सही व्हायची बाकी.

“सर, कुणी खोटं लिहिलेलं नाही,” मी म्हणाले. तार टेबलावर ठेवली. “हे नामदेवरावांचे तुकडे. कार्डाशी जुळतात. म्हणजे रंजनाने वाटेत काही बदललं नाही.”

“मग म्हातारा कमी तुकडे ओवतो.”

“नाही. दिलेल्या प्रत्येक गुलाबी बाटलीचा तुकडा आहे. पण जुलैपासून समीर डॉक्टर बाटली देतच नाहीत. चिठ्ठी लिहितात, पेशंट पुढच्या दाराने बाहेर जाऊन तयार औषध घेतो. मागच्या खिडकीशी तो येतच नाही. घरून बाटली घासून आणतात ती फक्त जुनी माणसं, सकाळी मोठ्या डॉक्टरांकडे येणारी. म्हणून एकतीसच्या एकतीस साठीच्या वरची.”

साहेबांनी चष्मा काढला. “आणि बाकीचे किती, हे कसं कळणार?”

मी निळ्या कागदांचा गठ्ठा पुढे ठेवला. सकाळी मी मागायला गेले तेव्हा समीर डॉक्टरांनी तो स्वतःच काढून दिला होता, मान खाली घालून. त्यांचं लपवणं आमच्या कार्डाबद्दल नव्हतंच. औषध कंपनीचा माणूस दर शनिवारी संध्याकाळी त्या कार्बन प्रती घेऊन जायचा, आपलं औषध किती लिहिलं गेलं हे मोजायला. त्याच्या बदल्यात घड्याळ आलं होतं, वरच्या मजल्यासाठी पलंग यायचे होते. वडिलांना हे ठाऊक नव्हतं.

“सोमवार ते शुक्रवार, एकशे सहा,” मी म्हणाले. “रंजनाने सकाळी बसून वयाप्रमाणे लावले. त्यांतली एकोणचाळीस मुलं. आधीच्या आठवड्यांच्या प्रती कंपनीकडे आहेत.”

“म्हणजे साथ कुठे किती आहे,” साहेब हळूच म्हणाले, “हे त्यांना महिनाभर माहीत होतं.”

“हो सर. आपल्याला नव्हतं.”

खिडकीबाहेर कुणीतरी खोकत होतं. साहेबांनी अहवाल जवळ ओढला. “तरी कुणाची तरी चूक आहेच, वासंती. इतकी वर्षं त्या माणसाला गुलाबी बाटल्या मोजायला सांगितल्या कुणी? एवढी अक्कल...”

मी पदराखालची तसबीर काढून त्यांच्यापुढे ठेवली. काच पुसून आणली होती. पिवळ्या कागदावर ठसठशीत मराठी अक्षर. ‘नामदेवराव, अवघड काही नाही. ज्याला ताप-खोकल्याचे मिश्रण द्याल, तो एक मोजायचा. बाकी काही बघायचे नाही. दि. कंधारकर, १९८३.’

साहेब ते अक्षर पाहत राहिले. त्या वेळी ते तिशीत असतील. सायकलवरून दहा दवाखाने फिरले असतील. इंग्रजी न येणाऱ्या कंपाउंडरला समजेल असं, त्याच्या भाषेत, सोपं करून लिहिलं. तेव्हा ते बरोबरही होतं. मग मिश्रण बदललं, दार बदललं, आणि सोपं करून दिलेली ती ओळ काचेत तशीच राहिली.

“फ्रेम करून ठेवलीय,” ते म्हणाले.

“देवाशेजारी.”

त्यांनी टाइप केलेला अहवाल उभा फाडला. कोरा कागद घेतला आणि स्वतःच्या हाताने लिहायला लागले. आधी हॉस्पिटलला पत्र: बरकतपुरा, जादा वॉर्ड, आजच. मग अहवाल: मोजण्याची सूचना कालबाह्य, सूचना देणारा अधिकारी मी. तिसरा कागद घेताना त्यांनी वर पाहिलं.

“रंजना, तुझं पूर्ण नाव सांग. वडिलांच्या नावासकट. सहा महिन्यांची ऑर्डर आहे, त्याहून जास्त माझ्या हातात नाही.”

रंजनाने नाव सांगितलं. दाराची कडी तिने घट्ट धरली होती.

“आणि उरलेल्या नऊ ठिकाणी,” साहेब म्हणाले, “कोण काय मोजतंय?”

रंजनाने रजिस्टर आणून त्यांच्यापुढे उघडलं.

“सोमवारपासून जा,” ते तिला म्हणाले. “प्रत्येक खिडकीशी उभी राहून बघ.”

संध्याकाळी तसबीर परत द्यायला मी बरकतपुऱ्याला गेले. कागद आता तिच्यात नव्हता, तो साहेबांनी ठेवून घेतला होता. त्याच्या जागी नवीन सूचना होती, तीही त्यांच्याच अक्षरात. नामदेवरावांनी ती दोनदा वाचली.

“त्या पोरीचं काय झालं?”

“राहिली.”

त्यांनी मान हलवली. तसबीर खिळ्याला लावली, सरळ केली. मग माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले, “कुसुमताई तर मोजल्या होत्या ना मी?”

“हो,” मी म्हणाले. “त्या मोजल्या होत्या.”

पुढच्या शनिवारी रंजनाने बरकतपुऱ्याचं कार्ड माझ्या टेबलावर ठेवलं. एकशे बत्तीस. समीर डॉक्टरांनी आता निळ्या कागदांचा गठ्ठा मागच्या खिडकीत द्यायला सुरुवात केली होती आणि नामदेवराव चष्मा डोळ्यांना लावून एकेक कागद तारेत ओवत होते. मी रकाने तपासत खाली आले. एका वर्षाच्या आतले, नऊ. त्या नऊच्या शेजारी, कार्डावर नाव लिहायचं नसतं तरीही, नामदेवरावांनी पेन्सिलने बारीक लिहिलं होतं: आपला ओंकार मागच्या आठवड्यात राहिला होता, तो धरून.

हिशेबाने ते चूक होतं, मागच्या एकशे सहांत तो आधीच मोजला गेला होता. मी खोडरबर हातात घेतलं. मग खाली ठेवलं, आणि रेघ वर ओढली.